युद्धग्रस्त गावात मुलांचं शिक्षण पुन्हा सुरू करताना: कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

युद्धाची झळ बसलेल्या गावात मदत पोहोचते तेव्हा बहुतेक वेळा आधी दप्तरं येतात. मग वह्या, मग पत्र्याची शेड, मग फोटो. शिकवणार कोण, त्याचं मानधन कोण देणार, शाळेच्या वाटेवर सुरुंग आहेत का, वर्षअखेरीचा दाखला कोण ग्राह्य धरणार, हे प्रश्न पुढच्या खेपेसाठी राहतात. तोवर निम्मा पट गळलेला असतो आणि शेडमध्ये कुणीतरी धान्याची पोती रचलेली असतात. दप्तरं देणं चुकीचं नाही, पण ती पहिल्या दिवशी लागत नाहीत.

लढाई चालू असलेल्या किंवा नुकत्याच थांबलेल्या ग्रामीण भागात काम करू पाहणाऱ्या लहान गटांसाठी हा लेख आहे. त्यात दोन-चार कार्यकर्ते असतील, एखादी छोटी संस्था असेल किंवा परगावी स्थिरावलेले त्याच भागातले लोक असतील. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. मधला एखादा गाळला तर पुढचा उभा राहत नाही.

## टप्पा १: गावात पाय ठेवण्याआधी

आधीपासून कोण काम करतंय ते शोधा. मोठ्या संकटात संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेखाली शिक्षणाचं काम करणाऱ्या संस्थांचा एक समन्वय गट असतो. त्याला ‘एज्युकेशन क्लस्टर’ म्हणतात. जागतिक पातळीवर यूनिसेफ आणि सेव्ह द चिल्ड्रन मिळून तो चालवतात. कुठल्या गावात कोण आहे, शिक्षकांचं मानधन साधारण किती ठरलंय, कोणता अभ्यासक्रम चालतो, हे तिथे कळतं. या बैठका कंटाळवाण्या असतात हे खरं, तरीही जा. नाहीतर एकाच गावात दोन शाळा उघडतात आणि शेजारच्या गावात एकही नसते.

पैशांचा हिशोब उलटा मांडा. आधी शिक्षकांचं किमान बारा महिन्यांचं मानधन, मग पाणी आणि शौचालय, मग प्रशिक्षण, आणि उरलं तर साहित्य. देणगीदाराला दप्तर दाखवता येतं, मानधन दाखवता येत नाही. म्हणूनच मानधनाचे पैसे आधी जमवा. दप्तरांसाठी देणारे नंतरही भेटतात.

परवानगी दोन्हीकडून. गावावर सत्ता कुणाची आणि रात्री वावर कुणाचा, ही उत्तरं कधीकधी वेगळी असतात. अशा वेळी तुम्ही थेट वाटाघाटीला बसू नका. दोन्ही बाजू ज्यांना मानतात अशा वडीलधाऱ्या मंडळींमार्फत बोलणं करा. नेपाळच्या यादवीत (१९९६ ते २००६) शाळा म्हणजे शांतताक्षेत्र ही कल्पना अशाच स्थानिक बोलण्यांतून रुजली. शाळेत शस्त्र नाही, सभा नाही, भरती नाही, असे नियम लिहून दोन्ही बाजूंकडून मान्य करून घेतले गेले.

> इशारा: लष्कराच्या किंवा कुठल्याही सशस्त्र गटाच्या गाडीतून गावात जाऊ नका आणि त्यांच्या हातून साहित्य वाटू नका. एकदा केलंत की तुमची शाळा ‘त्यांची’ झाली.

तपासणी: बारा महिन्यांचं मानधन हाती नसेल तर शाळा उघडू नका. आधीपासून चालू असलेल्या एखाद्या वर्गाला ते पैसे द्या. उघडून चार महिन्यांत बंद पडलेली शाळा न उघडलेल्या शाळेपेक्षा वाईट, कारण त्यानंतर येणाऱ्यावर पालक विश्वास ठेवत नाहीत.

## टप्पा २: मुलं मोजणं

जुन्या शाळेचा हजेरीपट सापडला तर तो ठेवून घ्या, पण त्यावर विसंबू नका. काही कुटुंबं गेली, काही आली, आणि आलेली बऱ्याचदा गावाच्या कडेला, कुणाच्या तरी गोठ्यात किंवा पडक्या घरात राहतात. गावप्रमुखाने तोंडी दिलेल्या आकड्यात ती हमखास सुटतात. घरोघरी जा. सोबत गावातली एक बाई आणि विस्थापितांपैकी एक जण असू द्या.

घरात चार गोष्टी विचारा: सहा ते अठरा वयाची मुलं किती, शेवटचं शाळेत कधी गेली, दिवसभर काय करतात, आणि शाळा सुरू झाली तर कुठल्या वेळेला येऊ शकतील. तिसऱ्या प्रश्नातून सगळ्यात जास्त कळतं. पाणी आणायला मैलभर जाणारी मुलगी सकाळच्या शाळेत येणार नाही, मग तुम्ही तिला कितीही वह्या द्या. पेरणी-कापणीचे महिने कोणते तेही लिहून घ्या. घरातला कर्ता माणूस गेलेला किंवा जायबंदी झालेला असला की शेतात हात मुलांचेच लागतात. अशा महिन्यांत वर्ग दोन तासांवर आणणं परवडतं, हट्टाने पूर्ण वेळ चालवला तर मुलं कायमची जातात.

‘घरात शाळेत न जाणारं मूल आहे का’ असं विचारलंत तर अपंग मुलाचं नाव सहसा येत नाही. ‘चालायला, बघायला, ऐकायला किंवा समजायला कुणाला अडचण आहे का’ असा सरळ प्रश्न करा.

जे विचारायचं नाही ते: वडील कुठे आहेत, कोणत्या बाजूने लढले, मूल कुठल्या गटासोबत होतं का. सशस्त्र गटातून परतलेली मुलं गावात असतीलच, पण त्यांची वेगळी यादी म्हणजे त्यांच्या कपाळावर मारलेला शिक्का. अशा मुलांबद्दलची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं, म्हणजे २००७ ची ‘पॅरिस तत्त्वं’, त्यांतही हेच सांगितलंय: अशा मुलांना वेगळं काढून मदत देऊ नये, सगळ्याच मुलांसाठीच्या कामात त्यांना सामावून घ्यावं.

तपासणी: यादीत मुलींची संख्या मुलांपेक्षा बरीच कमी दिसली तर मोजणी पुन्हा करा. मुली कमी नसतात, सांगितल्या जात नाहीत.

## टप्पा ३: जागा आणि वाट

जागेचा विचार करताना सगळे इमारत बघतात. आधी वाट बघा.

अफगाणिस्तानच्या गोर प्रांतात ३१ गावांत झालेला एक अभ्यास इथे उपयोगी पडतो. काही गावांत गावातच शाळा दिली, काहींत दिली नाही. गावात शाळा आल्यावर मुलांची नोंदणी शंभरात ३५ ने, तर मुलींची ५२ ने वाढली. मुलगा-मुलगी हा फरक जवळजवळ पुसला गेला. शाळा एक मैल लांब गेली की नोंदणी शंभरात सुमारे १६ ने घटते, असंही त्यात दिसलं. म्हणून चार गावांच्या मध्ये एक देखणी शाळा बांधण्यापेक्षा चार गावांत चार साधे वर्ग चांगले. मशिदीची ओसरी, देवळाचा सभामंडप, चर्चची खोली, कुणाच्या घराची पडवी, काहीही चालतं, फक्त तिथे सगळ्या समाजांच्या मुलांना येता आलं पाहिजे.

आता वाटेबद्दल. सुरुंग आणि न फुटलेला दारूगोळा लढाई संपल्यावरही जमिनीत राहतो, आणि पावसाच्या पाण्याने जागा बदलतो. काल मोकळी असलेली पायवाट पुराच्या पाण्यानंतर मोकळी असेलच असं नाही. मुलं ज्या वाटांनी येणार त्या सगळ्या, शौचाला जातात ती कड आणि खेळण्याचं मैदान सुरुंग काढणाऱ्या अधिकृत पथकाकडून तपासून घ्या. गावकऱ्यांनी ‘आम्ही रोज जातो’ म्हटलं तरी. मोठी माणसं ठरलेल्या पायवाटेने जातात, मुलं चेंडूमागे धावतात. पथकाने रंगवलेले दगड ठेवले असतील तर खुणांचा अर्थ त्यांच्याकडूनच समजून घ्या. अनेक ठिकाणी लाल म्हणजे धोका आणि पांढरा म्हणजे मोकळी जागा असा संकेत असतो.

पहिल्याच दिवशी मुलांना शिकवायचं ते असं: अनोळखी वस्तू दिसली तर जवळ जायचं नाही, हात लावायचा नाही, दगड मारायचा नाही, मोठ्यांना सांगायचं. आणि आपण सुरुंगाच्या भागात शिरलोय असं वाटलं तर जागच्या जागी थांबायचं, मागच्यांना ओरडून थांबवायचं आणि मदत येईपर्यंत हलायचं नाही.

> इशारा: तोफगोळ्याचं रिकामं कवच शाळेची घंटा म्हणून टांगलेलं काही देशांत दिसतं. आवाज छान येतो, पण अशा लोखंडाला हात लावायला हरकत नाही, हा धडाही मुलांना त्यातूनच मिळतो. वर्गात ‘नमुना’ म्हणूनही खरी वस्तू आणू नका. चित्रं वापरा.

जुन्या शाळेत सैन्य किंवा सशस्त्र गट राहून गेला असेल तर दोन गोष्टी गृहीत धरा: आत काहीतरी सुटलेलं असू शकतं, आणि समोरच्या बाजूच्या नजरेत ती इमारत अजूनही लष्करी ठाणं असू शकते. तपासणी, मोर्चेबंदीच्या खुणा काढणं आणि वापर बदलल्याची जाहीर वाच्यता या तिन्हीनंतरच मुलांना आत न्या. ‘सेफ स्कूल्स डिक्लरेशन’ हा २०१५ मध्ये ओस्लोत पुढे आलेला जाहीरनामा आहे. १२० हून अधिक देशांनी त्याला मान्यता दिलीय आणि शाळांचा लष्करी वापर टाळण्याचं आश्वासन त्यात आहे. तुम्ही काम करताय तो देश त्यात असेल तर बोलणी करताना त्याचा उल्लेख जरूर करा. चौकी, छावणी, दारूगोळ्याचं कोठार यांच्या शेजारी वर्ग मात्र कोणत्याही आश्वासनावर भरवू नका.

पाणी आणि शौचालयाचं माप ठरलेलं आहे. मदतकार्यातल्या ‘स्फिअर’ मानकांनुसार पिण्यासाठी आणि हात धुण्यासाठी दर मुलामागे दिवसाला ३ लिटर पाणी, दर ३० मुलींमागे एक आणि दर ६० मुलांमागे एक शौचालय. मुलींच्या शौचालयाला आतून कडी हवी. ती नसेल तर पाळी सुरू झालेल्या मुली महिन्यातले काही दिवस गळतात आणि नंतर येतच नाहीत. कडीला खर्च काहीच नसतो आणि नेमकी तीच राहून जाते.

## टप्पा ४: शिक्षक

शाळा चालते ती शिक्षकावर. हे सगळे मान्य करतात आणि अंदाजपत्रकात त्याचंच नाव शेवटी लिहितात.

गावातलेच शिक्षक निवडा. शहरातून आणलेला माणूस पहिल्या गोळीबारात परत जातो, आणि त्यात त्याचा दोष नाही. प्रशिक्षित कुणी उरलं नसेल तर गावात ज्याचं शिक्षण सगळ्यात जास्त झालंय आणि ज्याला मुलांची आवड आहे, त्याला घ्या. निम्म्या तरी बाया असाव्यात. विस्थापितांमध्ये बऱ्याचदा पूर्वी शिकवणारी माणसं सापडतात. ती स्वतःहून सांगत नाहीत, विचारावं लागतं.

मानधन शेजारच्या संस्थांएवढंच ठेवा. जास्त दिलंत तर तुम्ही दुसऱ्याचा वर्ग ओस पाडता, कमी दिलंत तर तुमचा ओस पडतो. रक्कम थोडी असली तरी तारीख चुकवू नका. दोन महिने रखडलेला शिक्षक मजुरीला जातो आणि त्याच्या जागी सातवीतला मुलगा वर्ग सांभाळताना दिसतो.

प्रशिक्षण थोडकं आणि वारंवार. सुरुवातीला चार-पाच दिवस, मग दर पंधरवड्याला अर्धा दिवस. शहरातल्या सभागृहातली दहा दिवसांची शिबिरं टाळा. पहिल्या फेरीत एवढंच: वर्ग कसा लावायचा, मुलांची पातळी कशी बघायची, फळ्याचा वापर, आणि न मारता शिस्त कशी ठेवायची. शेवटचा विषय सगळ्यात अवघड जातो, त्याला वेळ द्या.

लेखी आचारसंहितेवर सही घ्या आणि ती पालकांना वाचून दाखवा: मारणं नाही, मुलांकडून घरचं किंवा शेतातलं काम करून घेणं नाही, एकट्या मुलाला बंद खोलीत थांबवणं नाही, गुणांच्या बदल्यात काही मागणं नाही. तक्रार कुणाकडे करायची ते नावानिशी सांगा, आणि ती व्यक्ती शिक्षकाची नातेवाईक नसू द्या. लहान गावात हे जमवणं कठीण असतं. तक्रार ऐकणारी बाई शेजारच्या गावातली ठेवली तर बरं पडतं.

तपासणी: प्रत्येक वर्गाच्या वेळी जागेवर दोन प्रौढ आहेत का? दुसरी व्यक्ती शिक्षकच हवी असं नाही. आजी चालेल.

## टप्पा ५: पहिले दोन आठवडे

अभ्यासक्रम लगेच उघडू नका. रोज त्याच वेळेला, त्याच जागी, त्याच क्रमाने काही गोष्टी घडू द्या: हजेरी, गाणं, गोष्ट, थोडं अंकज्ञान, खेळ, निरोप. युद्धात मुलांचा दिवस विस्कटलेला असतो, आणि तो पुन्हा बसवणं हेच या पंधरवड्याचं काम. पहिल्या दिवशी तीन तास पुरेत.

‘युद्धाचं चित्र काढा’ असं सांगणारे पाहुणे येतील. त्यांना नम्रपणे परत पाठवा. मुलाने आपणहून काढलं तर ठीक. सांगून काढायला लावलं, आणि त्यानंतर बोलायला जवळ कुणी नसलं, तर ते जखमेवरची खपली काढण्यासारखं आहे. मानसिक प्रथमोपचाराची जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेतली तीन पावलं शिक्षकाला पुरतात: पाहा, ऐका, जोडून द्या. ऐकताना खोदून विचारायचं नाही. झोप न येणं, अंथरूण ओलं होणं, आवाजाला दचकणं हे बऱ्याच मुलांत दिसतं आणि दिनक्रम बसला की अनेकांत कमीही होतं. काही आठवड्यांनंतरही मूल बोलत नसेल, खात नसेल किंवा स्वतःला इजा करत असेल तर ते शिक्षकाच्या आवाक्यातलं नाही. अशा मुलाला कुणाकडे न्यायचं ते ठिकाण शाळा उघडण्याआधीच शोधून ठेवा.

## टप्पा ६: इयत्ता सोडा, पातळी बघा

सर्वाधिक वेळ वाया जातो तो इथे. तीन वर्षं शाळा बंद होती, मुलगा बारा वर्षांचा आहे, म्हणून त्याला सहावीत बसवतात. त्याला जोडाक्षर येत नाही. तो मागच्या बाकावर बसतो आणि महिन्याभरात गळतो.

प्रत्येक मुलाला वेगळं बोलावून पाच मिनिटं द्या. त्याच्या भाषेतला चार सोप्या वाक्यांचा उतारा समोर ठेवा. सहज वाचला तर थोडी मोठी गोष्ट द्या. अडखळला तर सुटे शब्द, तेही जमले नाहीत तर अक्षरं. भारतात ‘प्रथम’ या शिक्षणसंस्थेने रुळवलेली ‘असर’ या पाहणीतली वाचनाची चाचणी साधारण याच धर्तीची आहे, आणि तिच्या वळणाच्या चाचण्या अनेक देशांत वापरल्या जातात. गणितासाठी अंक ओळखणं, वजाबाकी, भागाकार एवढं बस.

उतारा पाठ्यपुस्तकातला घेऊ नका. मुलांना जुने धडे तोंडपाठ असतात. बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्याच ओळीवर चाललेलं दिसलं की समजा, हे वाचन नव्हे. आणि मूल वाचत असताना मागे पालकांची गर्दी नको, वाचता येणारं मूलही गप्प होतं.

मग अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट असे गट करा. दिवसातले दीड-दोन तास मुलं या गटांत बसतील, मग वय आठ असो की तेरा. महिन्या-दीड महिन्याने पुन्हा चाचणी घ्या आणि पुढे गेलेल्यांना पुढच्या गटात न्या. मोठ्या मुलांना चिमुरड्यांसोबत बसायची लाज वाटते. वयाने मोठ्यांची संख्या पुरेशी असेल तर त्यांचा वेगळा जलद वर्ग करा, दोन वर्षांचा गाभ्याचा अभ्यास एका वर्षात बसवणारा. असे वर्ग साधारण १० ते १८ वयाच्या शाळाबाह्य मुलांसाठी असतात. नियमित शाळेत जाऊ शकणाऱ्या लहान मुलांना त्यात घुसवू नका.

विस्थापित मुलांची बोली वेगळी असेल तर सुरुवातीचं वाचन त्यांच्याच भाषेत व्हावं. ती बोलणारा मदतनीस वर्गात असला तरी बरंच निभावतं.

## टप्पा ७: साहित्य

आता दप्तरं आणा. सगळ्यांना सारखी, संस्थेच्या मोठ्या चिन्हाशिवाय. चौकीवरून जाणाऱ्या मुलाच्या पाठीवर कुणाचंही चिन्ह नको. वाटप महिन्याच्या हजेरीनंतर करा, नाहीतर पहिल्या दिवशी दुप्पट मुलं येतात आणि तिसऱ्या दिवशी निम्मी. यूनिसेफची ‘स्कूल-इन-अ-बॉक्स’ पेटी मिळत असेल तर घ्या. एक शिक्षक आणि ४० मुलं धरून ती भरलेली असते. पेटीचं झाकण सोबतच्या रंगाने रंगवलं की फळा होतो. खडू मात्र जास्तीचे ठेवा.

## टप्पा ८: दाखल्याचा प्रश्न

खरं तर ही चौकशी टप्पा १ मध्येच सुरू करायची, पण कागद हातात येईपर्यंत वर्ग सुरू झालेला असतो म्हणून इथे लिहितोय. मुलांनी शिकलेलं कोण मान्य करणार? शिक्षण खात्याने वर्गाला मान्यता दिली का, जवळच्या सरकारी शाळेच्या पटावर ही मुलं चढवता येतील का, परीक्षा कुठे होणार? सीरियात हजारो मुलांनी नववी आणि बारावीच्या परीक्षांसाठी लढाईच्या रेषा ओलांडून प्रवास केला. परीक्षा केंद्र रेषेपलीकडे असेल तर प्रवास, मुक्काम आणि सोबतीच्या प्रौढांची सोय काही महिने आधी ठरवा.

जन्मदाखला नाही म्हणून कुणालाही परत पाठवू नका. प्रवेश द्या, कागद मागाहून करा.

## टप्पा ९: नोंदी आणि फोटो

नोंदी हव्यात, पण त्या चुकीच्या हाती पडल्या तर मुलांच्या जिवावर बेतू शकतं. हजेरीपटात नाव आणि क्रमांक एवढंच. जात, धर्म, वंश, मूळ गाव, वडिलांचा व्यवसाय यांचे रकाने छापील नमुन्यात असले तरी कोरे ठेवा. पूर्ण माहितीची प्रत गावाबाहेर सुरक्षित जागी. फोटोत चेहरे आणि शाळेची ओळखता येणारी खूण नको, आणि मोबाइलमधली ठिकाणाची नोंद बंद करा. देणगीदार फोटो मागतील. त्यांना वहीचं पान पाठवा.

## टप्पा १०: पुन्हा गोळीबार झाला तर

हा टप्पा सगळं शांत असतानाच करायचा.

१. वर्ग कधी बंद करायचा, हे कोण ठरवणार ते लिहून ठेवा. एकच व्यक्ती आणि तिच्या गैरहजेरीत दुसरी.

२. इशाऱ्याची खूण ठरवा आणि महिन्यातून एकदा सराव घ्या. आसऱ्याच्या जागी पोहोचल्यावर शिक्षकाने हजेरीपटावरून मुलं मोजायची. पट म्हणूनच हाताशी हवा, कुलपात नको.

३. ने-आण झुंडीने नको. दोन-तीन छोटे गट, सोबत मोठं माणूस, आणि वेळ थोडी मागेपुढे.

४. मुलाला कुणाच्या ताब्यात द्यायचं, त्या दोन नावांची यादी प्रत्येक घराकडून आधीच घ्या. गोंधळात मुलं चुकतात आणि पळवलीही जातात.

५. बंदच्या काळासाठी घरी करायच्या कामाचे कागद, गोष्टींची पुस्तकं आणि जमल्यास रेडिओवरचे पाठ तयार ठेवा. पाच-सहा मुलांचा गट एका घरात बसू शकतो. शिक्षकाने आठवड्यातून एकदा फेरी मारली तरी धागा तुटत नाही. या काळातही मानधन थांबवू नका.

शाळेवर हल्ला झाला तर तारीख, वेळ आणि नुकसान लिहून समन्वय गटाला कळवा. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या २००५ च्या १६१२ व्या ठरावानुसार मुलांवरच्या गंभीर अत्याचारांची नोंद ठेवणारी यंत्रणा आहे आणि शाळांवरचे हल्ले तिच्या कक्षेत येतात. साक्षीदारांच्या मुलाखती तुम्ही घ्यायच्या नाहीत, ते प्रशिक्षित माणसांचं काम.

## टप्पा ११: सोपवणं

पालक, शिक्षक आणि विस्थापित यांची समिती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच बसवा, शेवटच्या नाही. आधी तिच्याकडे हजेरी आणि पाणी द्या, मग किरकोळ खर्च, मग मानधनाचं वाटप. सरकारी शाळा पुन्हा सुरू होणार असेल तर तुमचा वर्ग तिच्याशी स्पर्धा करत ठेवू नका. मुलं पातळीच्या नोंदीसह तिकडे पाठवा आणि तुमच्या शिक्षकांना तिथे घेतलं जावं म्हणून खात्याकडे आधीपासून अर्ज-विनंत्या करा. बंद करायची तारीख पालकांना किमान एक सत्र आधी सांगा, आणि निघताना दाखल्याची एक प्रत घरी, एक समितीकडे आणि एक गावाबाहेर ठेवा.